लिफ्ट वर येताना

सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक सात : गच्चीवरील शेड.
आत काय ठेवणार, वेंगुर्लेकरांनी विचारलं.
दुर्बीण, मी म्हटलं.
कोणाच्या खिडकीकडे, असं मागून कोणीतरी,
आणि हशा.
शेवटी ठरावात लिहून घेतलं :
तात्पुरती, काढता येण्याजोगी,
पापडांची जागा सोडून.

आठ बाय सहा.
खांब नुसत्या स्लॅबवर नको,
बिल्डिंगच्या कॉलमच्या बरोब्बर डोक्यावर हवा
हे अश्फाकला समजावताना
गच्चीवर खडूने काढून दाखवला मी
चार मजले चढून आलेला कॉलम.
त्याने सरकत्या गेटची चाकं आणली,
माहुलच्या कुठल्याशा बंद गोदामाची,
आणि पत्र्याचं छप्पर एका बोटाने ढकललं.
मॅडम, म्हणाला,
लोक छप्पर घालायला बोलावतात.
काढायला बोलावणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

ध्रुव इथे तसाही खाली.
हात लांब करून क्षितिजापासून मोजला
तर दोन मुठी, त्याही अपुऱ्या.
गेल्या दिवाळीपर्यंत दिसायचा,
विझत आलेल्या विडीएवढा.
मग उत्तरेला टॉवर निघाला.
सातवा मजला, अकरावा,
आणि एका मंगळवारी
हिरवी जाळी त्याच्यावरून गेली.
अढळपद आता अठराव्या मजल्यावर आहे,
बहुतेक मास्टर बेडरूममध्ये.

ध्रुवाशिवाय अक्ष लावता येतो.
दक्षिणेला, डोक्याच्या जरा खाली, एक तारा धरायचा
आणि तो कुठे वाहवतो ते बघत बसायचं.
उत्तरेकडे वाहवला तर स्क्रू पूर्वेला, पाव आटा.
पुन्हा वीस मिनिटं.
पुन्हा पाव आटा.
तीन रात्री नुसती चूक मोजली,
चौथ्या रात्री चूक मोजण्याइतकी उरली नाही.
घरी कोणाला सांगावं असं यात काही नव्हतं.

आकाश म्हणजे उकळून उकळून कडू झालेला चहा.
रिफायनरीची ज्योत, फ्रीवेचे दिवे,
समोरच्या हॉलमध्ये कायम कोणाचं तरी लग्न.
हायड्रोजनचा फिल्टर घेतला.
किंमत नवऱ्याला अर्धीच सांगितली.
तो एकच लाल आत सोडतो,
बाकीचं चेंबूर
दाराबाहेर चपला काढून उभं.

डिसेंबर. मृग, बाण, आणि बाणाखालचा तो धुरकट डाग.
पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम.
खांबापासून बारा फुटांवर लिफ्टचं मशीन.
कोणी बटण दाबलं
की फ्रेममधल्या प्रत्येक ताऱ्याला
एकसारखी वेलांटी.

एक दहा : शेणॉयांचा मुलगा, हॉटेलचं किचन धुऊन.
दोन बेचाळीस : तिसऱ्या मजल्यावरची ग्लोरिया,
विमानतळावर लोकांच्या बॅगा तपासून.
पाच कमी चार : खाली जाणारा, दुधाचा.
आधी चिडायचे.
नंतर नोंदवहीत तापमानाशेजारी
नावं लिहायला लागले.

मग बुधवारी दोन बेचाळीसची फ्रेम स्वच्छ.
गुरुवारीही. शुक्रवारीही.
असे गोल तारे मला कधी मिळाले नव्हते
आणि मी खुर्चीत पुढे सरकून
मशीनकडे कान लावलेला.
शनिवारी जिना उतरून तिसऱ्यावर गेले,
रात्रीचे तीन, बेल वाजवणार कशी?
दाराला कुलूप होतं.
दुधाच्या पिशवीसाठी लावलेली रिकामी थैली.

रविवारी ढग. सोमवारी ढग.
मंगळवारी, तीन वाजून चार,
दोर ताणल्याचा आवाज,
आणि मृगाच्या पोटातले सगळे तारे
एकदम हलले.

एकसष्ट फ्रेम रचल्या.
सॉफ्टवेअरने एक नाकारली, कारण दिलं : हालचाल.
मी ती दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, पुसली नाही.

सकाळी छप्पर लावायला गेले
तर तारेवर निळा युनिफॉर्म,
पिळायचा राहिलेला,
थेंब थेट रुळावर.
फडकं आणून रूळ पुसला.
युनिफॉर्म तसाच राहू दिला.