आडव्या अंगाने

त्रिएस्तेच्या बंदरामागे, मिठाच्या जुन्या वखारीत
नेरीना कोसोविच सागरी नकाशे छापते.
सोमवारी काळा: किनारा, दीपगृह, खोलीचे आकडे.
गुरुवारी निळा: उथळ पाणी.
मधले तीन दिवस शाई वाळायची,
आणि खिडकी बंद ठेवायची. ते काम माझं.

मंगळवारी उकडत होतं.
मी बोटभर फट ठेवली, एवढंच.
रात्री दक्षिणेकडून सिरोक्को आला,
ओल्या फडक्यासारखा भिंतींवरून फिरला,
गठ्ठ्यांच्या कडांपाशी बसून राहिला.

सकाळी नेरीनाने एक ताव उचलून हलवला.
कोरडा कागद तडतडतो.
हा नुसता 'हं' म्हणाला.
"सादळला," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तरीही गुरुवारी निळा चढवला,
कारण शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं.
उजवी कड जुळली, चोख.
डावीकडे जाता जाता
रेषा रेषेपासून सुटत गेली.
भिंगाखाली पोलादी पट्टी: एक मिलिमीटर,
तोही जेमतेम.
या मापावर तेवढ्यात पंचवीस मीटर समुद्र मावतो.
पश्चिमेच्या टोकावरचं दीपगृह
घोट्यापर्यंत निळ्यात उभं.

मी विचारलं, उंची तर तेवढीच आहे?
तिने ताव फाडला. एकीकडून सरळ गेला,
दुसरीकडून वेडावाकडा.
"धागे असे उभे निजलेत.
पाणी प्यायले की लांब होत नाहीत फारसे,
जाड होतात. म्हणून कागद
आडव्या अंगाने वाढतो.
माझ्यासारखा," असं म्हणून
तिने पहिल्यांदा कमरेवर हात ठेवला.

निळाही नीट बसला नव्हता.
ओलसर तावावर शाई वाळेना,
वरच्या तावाच्या पाठीवर
खाडीचा पुसट डाग उमटलेला,
कुणी ओल्या अंगाने टेकून गेल्यासारखा.

शनिवारी बोरा सुटला, डोंगरावरून, कोरडा ठणठणीत.
दारं आपटली, गठ्ठे पुन्हा तडतडू लागले.
मी धावत जाऊन पट्टी लावली:
कागद आक्रसला होता, जवळजवळ पहिल्याइतका.
पण दोन्ही रंगांना घेऊन आक्रसला.
दीपगृह पाण्यातच.

चारशे ताव.
नेरीनाने ते फुल्वियो मासेवाल्याला दिले,
बदल्यात आठवडाभर सार्डिन आणले,
माझ्या पगारातून काही कापलं नाही,
खिडकीला मात्र खिळा ठोकला.

काल घाटावर पाहिलं:
एक म्हातारी नकाशात गुंडाळलेले मासे
छातीशी धरून ट्रामची वाट बघत होती.
पुडक्याच्या तळाशी ओल धरली होती.
दीपगृह तिथे आणखी थोडं
सरकलं असणार.