वाढवा पन्नास

देवळालीला लॅम रोडच्या कट्ट्यावर बसलो
की सरावाच्या तोफा अजून ऐकू येतात,
म्हणजे उजव्या कानाला.
डावा मी सरकारला देऊन आलो.
त्याचा कागद आहे, ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

काल मेसेज आला: महागाई भत्ता दोन टक्के वाढला.
नातवाने वाचून दाखवला, दोनदा,
पहिल्यांदा मी चुकीचा कान पुढे केला होता.
द्वारका भाजी निवडत म्हणाली,
दोन टक्के, पण कशाचे?

तोफेचं एक गणित असतं.
पुढे टेकडीवर एक माणूस, दुर्बीण घेऊन.
गोळा अलीकडे पडला की तो वायरलेसवर सांगतो,
वाढवा दोनशे. मग घटवा शंभर. वाढवा पन्नास.
असं चिमटीत धरत आणायचं निशाण.
पण निशाण चालतं असेल, गाडी समजा,
तर ती आहे तिथे मारायचं नसतं,
ती पोचेल तिथे मारायचं.
हे मला एकोणिसाव्या वर्षी एका उस्तादाने
कानफटात देऊन शिकवलं.

दिल्लीतला आमचा दुर्बीणवाला
दिवाळीतली तूरडाळ बघतो,
होळीला आकडा बोलतो,
आणि गोळा पडतो एप्रिलअखेर, बँकेत.
डाळ तोवर पुढच्या वळणावर.

तक्रार नाही. पेन्शन येते, तारखेला येते,
गल्लीत किती जणांना तेवढंही नाही.
पण द्वारकाने कॅन्टीनच्या जुन्या कॅलेंडरामागे हिशेब मांडलाय:
गॅस. दूध.
बीपीच्या गोळ्या, पॉलिक्लिनिकमध्ये संपल्या म्हणून बाहेरून.
कानातल्या मशीनचे सेल.
खाली एका ओळीत नुसतं 'किरकोळ'.
आकडा बघितला. किरकोळ नाही.

आमच्या बॅटरीतला निवृत्ती गांगुर्डे गेला,
त्याची अनुसया भगूरला असते.
तिची पेन्शन माझ्याहून कितीतरी कमी, तिलाही दोन टक्के.
टक्का सगळ्यांना सारखा, जनरलसाहेबांना, मला, तिला.
दूधवाला मात्र टक्क्यांत विकत नाही.
त्याचा लिटर सगळ्या दारांत लिटरच.
ती आता अर्धा घेते.
पाहुण्यांपुढे दुधाचा चहा ठेवते
आणि सांगते, मला बाई कोराच आवडतो.

नाशिकरोडला नोटा छापतात.
समोरचा पाळदे तीस वर्षं त्या प्रेसमध्ये होता.
एकदा विचारलं, एवढ्या छापता, जातात कुठे?
म्हणाला, हवालदारसाहेब,
घरी निघताना झडती आमचीच व्हायची.

संध्याकाळी लखानीकडे गेलो.
शेंगदाणा तेल, एक लिटर.
त्याने भाव सांगितला.
मी डावा कान पुढे केला.
त्याने पुन्हा सांगितला. मी तसाच.
वीस वर्षांची ओळख, कोणता कान चालतो त्याला पाठ आहे.
हसला. पाच रुपये सोडले.
मग गल्ल्याखालून स्वतःचं वीजबिल काढून दाखवलं,
जसं काही मीच पाठवलं होतं.
त्या पाचांचा बिस्किटपुडा घेतला, त्याच्याकडूनच.
किंमत तीच, हाताला हलका.

परतताना रेंजकडून आवाज आला. धप्प.
कुणीतरी पोरगं टेकडीवर बोलत असणार.
मी रस्त्यातच थांबून सेकंद मोजले, सवय.
अलीकडे पडला.
तोंडातून मोठ्याने निघून गेलं:
वाढवा पन्नास!

शेजारी स्कूटीवर एक मुलगी थांबली होती.
दचकली.
माझ्या पिशवीकडे बघितलं, चपलांकडे बघितलं,
आणि पर्सची चेन उघडत म्हणाली,
आजोबा, पन्नास नाहीत हो,
दहा चालतील?