निमकी

भंगाळेच्या मेडिकलात एकची गोळी येत नाही.
“मावशी, सावद्याले पाचचीच. एकची जळगावला पाहा.”
मी पाहत नाही. मी पाचची फोडते.

पाच निमे अडीच.
पाच पाव सव्वा.
शाळेनं नाही, बाबांनी शिकवलं हे,
जिनिंगच्या काट्याशेजारी, कापसाच्या गाठीवर बसवून.
गाड्यांची रांग फाटकाबाहेर,
बैलांच्या नाकावरसुद्धा रुई,
आणि बाबा वजन लिहिता लिहिता, वर न बघता:
“सात निमे?”
“साडेतीन.”
तेव्हा कुठं माहीत होतं
की ही निमकी एक दिवस गिळायची आहे.

परवाच्या पौषात एका सकाळी हात वर जाईनात.
कुणी रात्रीतून खांद्यांत ओलं सिमेंट ओतून गेलं होतं.
यांनी माझी वेणी घातली.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
तीन पेड जमेनात म्हणून दोनच,
मोटेच्या नाड्यासारखी पिळून.
मी आरसा मागितला नाही.

मग गोळ्या. रोज तीन, म्हणजे पंधरा.
तिसऱ्या दिवशी मी बडगीत वांगी ठेचली
आणि शेजारी आवाज गेला तेव्हा
फेगड्यांची सून धावत आली, काय झालं म्हणून.
तोंड गोल झालं, गाल चढले.
भाचीच्या लग्नात सगळ्या म्हणाल्या, “मानवलं व तुले!”
साखर वाढली ते कुणाला दिसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आता उतरायचं,
पण जिन्यावरून, गच्चीवरून नाही.
तुमच्या अंगात हेच औषध बनवणारी एक गाठ आहे,
बाहेरून मिळतंय म्हणून झोपलीय.
मला जिनिंगचा पहारेकरी आठवला, उस्मानभाई.
शेठ स्वतः हंगामात रात्रभर जागा असला
की कंदील शेजारी ठेवून तो खुशाल घोरायचा.
एकदा शेठ अचानक गावाला गेला.
सकाळी सतरा गाठी कमी.

ही गोष्ट मला माहीत होती. तरी अडीचवर आल्यावर
मी गोळ्या बंद केल्या.
चैत्र होता, पापड वाळत होते,
हात छपरापर्यंत जात होते. वाटलं, आता कशाला?
पाचव्या दिवशी उठता येईना.
पोटात ढवळलं, डोळ्यांपुढं अंधारी,
भर उन्हात अंगावर गोधडी.
यांनी रिक्षा बोलावली. त्याआधी, न बोलता,
फणी घेऊन माझ्या मागं बसले.

डॉक्टर रागावले नाहीत. पुन्हा पाच लिहिली.
आधीच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला नवा जिना काढला,
पायऱ्या लांबच लांब, एकेक पायरी दोन महिने.

आता पुन्हा सव्वावर आहे.
सव्वा शुभ असतो. सव्वा रुपया, सव्वा पायली.
पण परवा ते म्हणाले, याचंही निम्मं.
मी अडकले. सव्वाच्या निम्म्याला
काय म्हणायचं? निमकीत नाही, पावकीत नाही.
रात्री बाबांसारखं बोटांच्या पेरांवर मोजलं.
सव्वा म्हणजे वीस आणे.
निम्मे दहा.

दहा आणे!
नाणी मोडीत गेली त्याला किती वर्षं झाली,
आणि माझी गोळी अजून आण्यांत तुटते.

चाळीस रुपयांची निळी डबी आहे, आत ब्लेड.
झाकण दाबलं की कट्‌ आवाज येतो.
तुकडे सारखे होत नाहीत. एक नऊ आण्यांचा, एक अकराचा.
डॉक्टर म्हणतात चालेल, आज हा, उद्या तो.
अंगाला इतका काटेकोर हिशेब लागत नाही.
बाबांना हे पटलं नसतं.

ब्लेडला चिकटलेली भुकटी मी बोटानं टिपते,
जिभेला लावते. कडू.
एक कण ओट्यावर पडला.
मुंगी आली, हुंगून वळली.
वेणी माझी मीच घालते सध्या.
फणी मात्र यांच्याच खिडकीत ठेवते.