बराक नंबर सात

मसिरा बेटावर वारा आधी पोचतो,
मग होडी, मग आपण.
मी उतरलो तेव्हा हातात पन्नास मीटरची टेप
आणि खिशात मस्कतच्या कंत्राटदाराचं पत्र :
गोऱ्या सैनिकांनी सोडलेल्या नऊ बराकी मोजाव्यात.
काय पडेल, काय टिकेल, लिहून द्यावं.

मोजणं मला येतं.
छत्तीस मीटर लांब, सात रुंद,
खिडक्या एका अंगाला अकरा, दुसऱ्याला दहा.
अकरावीच्या जागी विटा का, कुणी सांगेना.
सातव्या बराकीत भिंतीवर खिळ्याने कोरलेले दिवस,
पाच-पाचच्या जुड्या,
एकशे त्र्याण्णवला थांबलेल्या.
घरी गेला तो,
की मोजायचा कंटाळा आला?
मी 'गिलावा खराब' लिहिलं आणि टेप गुंडाळली.

संध्याकाळी वालींच्या अंगणात बैठक.
खजूर, कहवा, आणि नऊ बराकींना पन्नास धनी.
सालमीनला जाळी विणायला सावली हवी,
त्याच्या मेहुण्याला बर्फाचा कारखाना,
दोघांचं तिथेच वाजलं.
दुर्र मुहम्मद पोरगेला असताना मेसमध्ये बटाटे सोलायचा.
तो एवढंच म्हणाला, भट्टी माझी.
कुणी हसलं नाही. भट्टी त्याला मिळाली.
मग गनीमा, शाळेत शिवण शिकवणारी :
"किनाऱ्याकडची बराक तशीच अंधारात राहू दे.
दिवे लागले की कासवाची पिल्लं
समुद्र समजून गावात येतात,
सकाळी मी झाडूने गोळा करते."
मी वहीत लिहिलं, नंबर नऊ : कासवं.
शेजारचा कारकून ते वाचून माझ्याकडे बघत राहिला.

सात उरली.
गनीमानेच विचारलं,
"आणि ते भिंतीला टेकून उभे आहेत, त्यांना काय हवं?"

ते म्हणजे आम्ही.
गवंडी, प्लंबर, रंगारी, अकराजण.
उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं.
आम्हीही लांबलचक खोलीतच राहतो,
लोखंडी खाटेवर खाट, उशाशी नंबर.
तिला कॅम्प म्हणतात.
माणूस गेला तर खाट रिकामी होते,
तीही शनिवारपर्यंत.

मोतालेब म्हणाला, कॅरम.
कुन्हीकोयाला फोन करायला आडोसा हवा होता.
घोगळे प्लंबर, वेंगुर्ल्याचा, आखातात एकवीस वर्षं,
बराच वेळ पान्याशी चाळा करत राहिला.
मग म्हणाला,
"माका खाट नसलेली एक खोली होयी."

मला अरबीत खाटेला शब्द आठवेना.
मी तळहात जमिनीला समांतर आडवा धरला,
मग दुसऱ्या हाताने तो पुसून टाकला.
वालींना वाटलं, कबर मागतोय.
ते गडबडले, कुणाला तरी उठवू लागले.
गनीमाला कळलं.
"रिकामी," ती म्हणाली. "ह्यांना रिकामी द्या."

आता शुक्रवारी आम्ही सातमध्ये असतो.
आत काहीच नाही.
कॅरम आणला होता, तो बाहेर ओट्यावर ठेवलाय.
गिलावा मीच केला,
त्या एकशे त्र्याण्णव दिवसांभोवती
वीतभर जागा सोडून.
हात तिथे आपोआप वळला,
का ते मला विचारू नका.

अहवालात 'उपयोग' ह्या रकान्यात
मी लिहिलं होतं, काही नाही.
मस्कतहून कागद परतला,
ती ओळ खोडून लाल शाईत : गोदाम.
असू दे. कागदावर ते गोदाम आहे.

घोगळे चपला दाराशी काढतो,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो,
छत्तीस मीटर,
मधे कशालाही न अडखळता.
मग वळतो.