आधी गिअर, मग पाय

रेडिएटर माझ्याकडे आला तो गोणपाटात गुंडाळलेला,
रिक्षातून, सलीम मिस्त्रीच्या मांडीवर बसून.
"पोटफोडे, तुम्ही बंब करता ना?
हाही बंबच समजा. विलायतेचा."

तांबं होतं, पितळ होतं,
पोळ्यासारख्या जाळीत अडकून सुकलेला एक चतुर होता,
आणि टोपणावर बसलेली बाई:
धड सिंहिणीचं, तोंड माणसाचं, नाक झिजलेलं.
"स्फिंक्स," सलीम म्हणाला. "कंपनीची खूण.
आवाज न करणारी गाडी, म्हणून."

मला हसू आलं.
आमच्या तांबट आळीत सकाळपासून ठोकेच ठोके.
वीस फुटांवरचा माणूस हाक मारत नाही, हात हलवतो.
गाडीला आवाज नको असेल
तर आधी कुणीतरी कुठेतरी पुष्कळ ठोकलेलं असणार.

मग मी गाडीच बघायला गेलो, कॅम्पात,
खोर्शेदबाईंच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
आर्मस्ट्राँग सिडली लँकेस्टर, सत्तेचाळीस सालची.
रंग काळा, म्हणजे धुळीखाली काळा.
बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं नाव
फॅमिलीला महाबळेश्वरला नेणाऱ्या गाडीला.
कंपनी विमानंही करायची. नावं हाताशी होती.

मागची सीट काढली तर खाली लाकडावर पेन्सिलीनं
ई. डॉबसन. पुढे एक वार, पुसट.
हा कोण, ते कुणालाच माहीत नाही.
त्याचं गाव कॉव्हेंट्री
एका रात्रीत जळालं होतं, सलीम सांगत होता,
आणि युद्ध संपतं न संपतं
तोच ह्यांनी नव्या गाड्या बाहेर काढल्या.
मला आजोबा आठवले. पानशेत फुटलं तेव्हा
चिखलातून एकेक पातेलं उकरून, धुऊन,
आठव्या दिवशी ऐरणीपाशी बसलेले.
कुणी विचारलं तर म्हणायचे, मग काय करू, रडू?

साठ साली कंपनीनं गाड्या करणं सोडलं.
म्हणजे सुटा भाग मागायला दारच नाही.
जाळी मी झाळली, चार ठिकाणी.
एक पत्रा पार गेलेला, तो नवा ठोकला,
आणि आतल्या बाजूनं, जिथे फक्त पाणी वाचेल तिथे,
लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं:
ई. डॉबसन यांस, पोटफोडे यांजकडून.
सलीमला सांगितलं नाही.

रविवारी इंजिन लागलं.
माळी म्हणाला, "अजून चालू नाही झाली काय?"
बाई चालकाच्या जागी बसल्या. वय चौऱ्याऐंशी.
पर्समध्ये इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाचं पत्र, आकडा बरा होता.
सलीम खिडकीत वाकून समजावू लागला:
"ह्यात गिअर आधी निवडायचा, स्टिअरिंगखालच्या दांडीनं.
तेव्हा काहीच होत नाही. नंतर पाय दाबाल, तेव्हा पडतो.
दांडी न्यूट्रलला घेऊ का? रिव्हर्सवर आहे."

"हात लावू नको," बाई म्हणाल्या.

मग जरा वेळानं, आमच्याकडे न बघता:
"सोराब रात्री बंद करताना रिव्हर्स लावूनच उतरायचा.
सकाळी शेडमधून मागेच काढायची असते ना."

सदतीस वर्षं दांडी तिथेच होती.
दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर.

बाईंनी चप्पल काढली. पाय दाबला.
गाडी मागे सरकली, उन्हात,
चिकूच्या झाडाशी थांबली.
रेडिएटरखाली फरशीवर एक थेंब पडला.
मी पाहिला. बाईंनीही पाहिला.
"पोटफोडे," त्या म्हणाल्या, "उद्या या."
आणि दांडी पहिल्यावर सरकवून
तशीच बसून राहिल्या.