बाकी एकोणीसशे

चरईत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी कवळ्या करते. सत्तावीस वर्षं झाली.
डॉक्टर माप पाठवतात, मी मेण लावते, ओतते, घासते.
परक्या तोंडांत माझं काम जेवतं
आणि मला कुणी ओळखत नाही. बरंच आहे ते.

मार्चात रेवणकरांचा मुलगा आला.
मुलगा म्हणजे पन्नाशीचा.
वडिलांची कवळी तयार होती, वडील नव्हते.
बाकी एकोणीसशे.
तो खिसा चाचपत उभा राहिला,
मग पिशवीतून बुटांचं खोकं काढून म्हणाला,
"सध्या हे चालेल?"

खोक्यात इंजिन. पत्र्याचं, किल्लीचं,
पण किल्ली नाही.
चाकांचा दांडा निखळलेला, धुराड्यात कोळ्याचं घर.
"लहानपणी काळं कुळकुळीत होतं," तो म्हणाला.
आत्ता होतं हिरवं, दाराला लावतात तसल्या रंगाचं.
मी नको म्हणणारच होते.
सवयीनं भिंग लावून पोटात पाहिलं:
चक्राचे दोन दाते पडलेले, शेजारशेजारचे.
खाली डावीकडे, मी मनात नोंद केली
आणि खोकं ठेवून घेतलं.

गिरणी साडेआठला थांबते.
तोवर टेबल थरथरतं, बारीक काही करता येत नाही.
थांबली की हवेतलं पीठ खाली बसतं,
मग मी दिवा ओढून घेते.

स्क्रू तेलात भिजत घातले. एक आठ दिवस हलला नाही,
नवव्या दिवशी गॅसवाल्याशी फोनवर भांडताना
हातात आला.
कमान सोडवताना मनगटावर सपकन बसली,
वळ आठवडाभर होता.
राबोडीच्या खोत टर्नरनं किल्ली करून दिली.
पैसे विचारले तर जबडा उघडून उभा राहिला:
"आधी ही दाढ बघा."
मी दाढा बघत नाही, मी करते, हे त्याला
अजून पटलेलं नाही.

हिरव्याखाली राखाडी निघाला,
राखाडीखाली लाल, विटेसारखा.
काळा कुठेच नाही. सगळीकडे खरवडून पाहिलं.
छपरावरच्या हिरव्यात मात्र ब्रशचा एक केस अडकलेला
आणि अंगठ्याचा ठसा, रंग ओला असताना उमटलेला,
माझ्या अंगठ्याच्या दीडपट.
त्या माणसाचा जबडा मला पाठ होता,
अंगठा पहिल्यांदाच पाहिला.
तेवढा तुकडा तसाच ठेवला.

दाते मेणात कोरले, धातूत ओतले,
चक्राला खाच पाडून डाख दिला.
किल्ली दिली, अकरा फेरे.
चाललं!
पण दर फेऱ्याला टक्. टक्.
पेशंट म्हणतात ना, "ताई, एक दात उंच लागतोय",
अगदी तसं.
मग चावायचा निळा कागद घेतला, चक्रांमध्ये धरला,
निळा ठिपका जिथे उठला तिथे केसभर घासलं.
टक् गेलं. जवळजवळ.

काल रेवणकर आला. मीच बोलावलं होतं.
प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेपुढून
इंजिन टेबलाच्या कडेपर्यंत गेलं,
त्यानं ओंजळीत झेललं.
उलटसुलट करून पाहिलं. लाल. मधे हिरवा तुकडा.
"काळं होतं ना हो?"
मी म्हटलं, "असेल. पुसलं गेलं असेल."
एवढं खोटं मी पेशंटशीही बोलत नाही.

त्यानं एकोणीसशे मोजून ठेवले,
कवळीची डबी उचलली.
कशाला, ते मी विचारलं नाही.
"इंजिन राहू दे," म्हणाला, "आमच्याकडे कुठे ठेवू?"
दारापर्यंत गेला, वळला,
"किल्ली मात्र नेतो."
आणि नेली.

खोतला दुसरी किल्ली सांगितली आहे.
त्याची आता पलीकडची दाढही दुखतेय म्हणे.