पिढीला एक

विडी घरकुलात आम्ही आलो तेव्हा
मुरमाच्या माळावर नुसते हद्दीचे दगड होते.
दाजी पेठेतून टेंपोत आलं ते असं:
अम्माचं सूप, कात्री, पानं कापायचा पत्र्याचा फर्मा,
नान्नाच्या मोडीत निघालेल्या मागावरचे
जकार्डचे पुठ्ठे, सुतळीनं बांधलेले,
आणि डालड्याच्या डब्यात एक पानफुटी,
जिचं पान पडेल तिथं पोर उभं राहतं.

एका डब्याचे चाळीस डबे झाले.
कुणी विकत घेतली नाही.
"एक पान दे की" म्हणायचं आणि न्यायचं.

फुलपाखरू नंतर आलं.
कवडी. खालून पांढरी, काळ्या ठिपक्यांची,
काठाला शेंदरी पदर.
हात-दीड हात उंचीनंच उडते, दोन घरांत दमते.
तिची अळी पानाच्या आत राहते,
दोन सालींच्या मधल्या गरात, खात खात वाट काढत.
हिनं अक्कलकोट रोड ओलांडला कसा?
अम्मा विडीचं तोंड दुमडत म्हणते,
"आपण ओलांडला तसा. ट्रक गेल्यावर."

मी एक पाय घेते, पाच ठेवते.
केसाएवढा पाय स्पिरिटच्या कुपीत,
वर पेन्सिलनं ओळ, घर, तारीख.
चिलकांची पोरगी विचारते, लंगडत नाही का गं ती?
नाही. बसते जरा तिरकी.

त्रेचाळीस पाय.
विद्यापीठातल्या यंत्रानं महिन्यानं अक्षरं परत दिली.
दाजी पेठेतल्या कवड्यांत जिथं सात तऱ्हा
तिथं इथं दोन, एका जागी तर एकच.
गणित म्हणतं, दोन माद्या आल्या असतील, फार तर तीन.
त्या शूर होत्या असं कागदावर कुठंच नाही.
वारा होता, डबा होता, त्या होत्या.
बाकीच्या आल्या नाहीत, एवढंच.

हे मी नान्नाला पुठ्ठ्यांवर समजावते.
मोराच्या चादरीचे चारशे पुठ्ठे,
भंगारवाल्याच्या आधी हाताला लागले ते साठ.
"साठात मोर होत नाही," नान्ना म्हणतो.
बोटानं भोकं चाचपतो, आंधळ्यासारखी.
"मान होते. पाय होतात. पिसारा नाही."
मग त्या मागावर निघेल ती प्रत्येक चादर
मान आणि पाय, मान आणि पाय,
आणि विणणाऱ्याला वाटणार, मोर असाच असतो.

"चूक कुणाची मग?" अम्मा विचारते.
कुणाचीच नाही. थोडे असले की हरवतं.
तिला हे पटत नाही. मलाही रात्री पटत नाही.

कार्तिकात अठराव्या ओळीत, पाण्याच्या टाकीमागं
एक धरली. पाय घेतला, सोडली.
अक्षरं आली तेव्हा वाटलं, यंत्र चुकलं.
इथं कधीच नसलेलं अक्षर.
पुन्हा चालवलं. तेच.
मेर्गूंच्या सुनेनं, लावण्यानं, माहेराहून येताना
जहिराबादच्या बसमध्ये मांडीवर एक कुंडी आणली होती खरी.
पुरावा नाही. वहीत प्रश्नचिन्ह आहे.

एक नियम मला पाठ आहे:
पिढीला एक पाहुणा आला तरी
दोन वस्त्या एकमेकींना पुरत्या परक्या होत नाहीत.
वस्ती शंभराची असो की लाखाची, एकच पुरे.

"एकच?" अम्मा सूप खाली ठेवते.
पंचवीसच्या जुड्या पुन्हा मोजते, काहीतरी राहिल्यासारखी.
"आणि तिला इथलं पाणी मानवायला पाहिजे की."

संध्याकाळी लावण्या ओट्यावर बसलेली,
मराठी आकडे म्हणत, सत्तावीसवर अडखळत.
शेजारी तिची कुंडी.
मी न विचारता एक पान उन्हाकडं धरते.
आत, दोन सालींच्या मधे,
काहीतरी सावकाश वळतं.